सर्पदंशाचे संशोधन वाडीवस्तीच्या मोबाइलवर

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षे सर्पदंशावर उपचार आणि जनजागृती करत आहेत.

पण संशोधन इंग्रजी नियतकालिकांत राहते आणि साप चावतो तो वाडीवर. इथे दीड मिनिटाचे ॲनिमेशन कामी येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज-वेदना जवळपास नसते, नंतर पोट दुखते, पापण्या जड होतात. हे फोटोत दिसत नाही, हलत्या चित्रात दाखवता येते. शिवाय जखमेचे खरे फोटो आले की लोक व्हिडिओ पुढे सरकवतात.

संदेश मोजकाच हवा: आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा, प्रतिविषाचे इंजेक्शन दवाखान्यातच मिळते. आवाज गावातल्याच बाईचा असावा, पुस्तकी मराठी नको. फाइल लहान ठेवा. भीमाशंकरच्या डोंगरात रेंज कुठे असते? मांत्रिकाची टिंगल मात्र टाळा, त्यालाच ‘आधी दवाखाना गाठा’ म्हणताना दाखवा.