हवेच्या गुणवत्तेचे मापन, बीड जिल्ह्यातील
हवेच्या गुणवत्तेचे मापन, बीड जिल्ह्यातील : सभोवतालच्या हवेतील धूळ, राख व वायुरूप प्रदूषके यांचे नियमित मापन आणि त्याकरिता करावे लागणारे कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. या जिल्ह्यात हा प्रश्न प्रामुख्याने परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्राशी निगडित आहे. तेथे १९७१ मध्ये प्रत्येकी ३० मेगॅवॉट क्षमतेचे दोन संच सुरू झाले. १९८०–८७ या काळात २१० मेगॅवॉटचे तीन व २००७ नंतर २५० मेगॅवॉटचे तीन संच उभारण्यात आले. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बरेच असल्याने धुराड्यावाटे व राखेच्या तळ्यांवरून उडणाऱ्या कणांचा उपद्रव परिसरातील वस्तीला होतो.

पहिले संच सुरू झाले तेव्हा हवेसंबंधी कायदाच नव्हता. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राज्य मंडळाचे क्षेत्र जलप्रदूषणापुरते होते. हवा अधिनियम १९८१ मध्ये झाला व राज्याचे नियम १९८३ मध्ये. अधिनियमाच्या १६ व १७ या कलमांनी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी केंद्रीय व राज्य मंडळांवर टाकली आहे. धुराड्यांच्या व दंडाच्या चर्चेत या तरतुदीकडे सहसा लक्ष जात नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७८ मध्ये दहा शहरांत हवामापन सुरू केले. केंद्रीय मंडळाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८४ मध्ये आग्रा व अनपारा येथील सात केंद्रांपासून सुरू झाला. अनपाराही परळीप्रमाणेच औष्णिक वीजनिर्मितीचे ठिकाण होय. महाराष्ट्रात हे काम अनेक शहरी अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांकडे सोपविण्यात आले. अशा व्यवस्थेत तरुण साहाय्यक बदलत राहतात, म्हणून प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही.

काम वरवर सोपे दिसते. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस, २४ तास नमुने घ्यावयाचे. धुळीचा गाळणकागद दर ८ तासांनी व वायूचे शोषक द्रावण दर ४ तासांनी बदलावयाचे. परंतु कागद कोरड्या, समतापी जागेत ठेवून मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलला नाही, तर ओलाव्याचे वजन धुळीच्या खाती जमा होते. वीज गेल्यास यंत्र किती वेळ बंद होते याची नोंद हवी. १६ तासांहून कमी चाललेला दिवस हिशेबात धरीत नाहीत. सल्फर डाय-ऑक्साइडसाठी वापरावयाचे द्रावण पारायुक्त व विषारी असते आणि उन्हात त्यातील नमुना बिघडतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात नमुने बर्फात ठेवूनच प्रयोगशाळेत न्यावे लागतात. रात्री तीनचा नमुना सकाळी सहाला घेऊन तीनचा म्हणून लिहिणारा हात ओळखणे मात्र कोणत्याही यंत्राला साधत नाही.

बालाघाटाच्या पठारावरील हा प्रदेश अवर्षणप्रवण असून उघड्या शेतांतील धूळ व केंद्राची राख एकाच कागदावर जमते. पाण्याअभावी २०१३ व २०१५ मध्ये परळीची वीजनिर्मिती थांबली होती. अशा काळातील मापने पूर्वीच्याच जागी, त्याच पद्धतीने घेतलेली असतील तरच शेताची धूळ किती व राख किती याचा अंदाज बांधता येतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पुढे आलेली स्वयंचलित यंत्रेही ठराविक काळाने प्रमाणित वायूने तपासावी लागतात.