हात, कुडव आणि मीटर

देवस्थान म्हटलें कीं मूर्ति, पालखी, उत्सव आणि कीर्तन हीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. परंतु या सर्वांमागें शेत, भात आणि पाणी हीं तीन साधनें असतात, याचा विचार आपण क्वचितच करतों. शेताची व्याप्ति किती, खळ्यावरील राशींत भात किती आणि तळींत पाणी किती, हे प्रश्न ज्याला सोडवितां येत नाहींत, त्याला देवाच्या उत्पन्नाचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. म्हणून लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांचें शिक्षण हा केवळ शाळेचा विषय नव्हे. तो समाजाच्या स्वावलंबनाचा विषय आहे. हें शिक्षण आपल्या भागांत कसें घडत आलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

डिचोली तालुक्यांतील कारापूर हें गांव साखळीला लागून, वाळवंटी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिरामुळें त्याचें नांव गोमंतकांत सर्वांच्या परिचयाचें झालें. डिचोली आणि पेडणें हे महाल १७८१ ते १७८८ या अवधींत सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हातीं गेले. पुढें या मुलखांत मापनाच्या तीन परंपरा एकमेकींवर येऊन बसल्या : एक शास्त्रग्रंथांतील, दुसरी गांवच्या व्यवहारांतील आणि तिसरी सरकारी दप्तरांतील.

पहिल्या परंपरेचा मुकुटमणि म्हणजे भास्कराचार्यांची लीलावती. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाचा आरंभच मापांच्या कोष्टकांनीं होतो. आठ यवांचें एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश. यापुढील गोष्ट अधिक मार्मिक आहे. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल अशा पात्रांत जेवढें धान्य मावतें, तेवढी मगध देशची खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे धान्याचें माप लांबीच्या मापांतूनच निघालें. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनांत एक लिटर मावतो, हा जो आधुनिक पद्धतीचा गुण सांगतात, तोच विचार येथें दिसतो.

‘कुडव’ हा शब्द वाचतांच आमचा गोमंतकीय वाचक थबकेल. मराठींत काय, कोंकणींत काय, तो आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा. परंतु शब्द एक असला तरी माप एक नव्हे. लीलावतींतील कुडव हा खारीचा १०२४ वा भाग. हात दीड फुटाचा धरला तर तें मूठ-दीड मूठ धान्य होतें. आमच्याकडील कुडव हा खंडीचा विसावा भाग, म्हणजे भाताचें चांगलें मोठें माप. नांव टिकतें आणि आशय पालटतो, म्हणून मापाचें नांव पाठ असणें म्हणजे माप कळणें नव्हे.

दुसरी परंपरा पंतोजींच्या शाळेची. गोव्यांत मराठीचें शिक्षण दीर्घकाळ देवळांच्या आश्रयानें, मठांत आणि गृहस्थांच्या ओसरीवर चाललें. १९१० सालीं पोर्तुगालांत प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर हिंदुसमाजास मोकळीक मिळाली आणि अशा शाळांना जोर आला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांच्या पाठांतरानें मुलाची जीभ आणि बुद्धि दोन्ही चपळ होत, हा या शिक्षणाचा मोठा गुण. पण ‘वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा’ असें घोकतांना ही काठी लांबीची नसून चौरस काठी आहे, हें पुष्कळदां पाठांतरांत दडून राही. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद अशा शेतांत चारशें चौरस काठ्या बसतात आणि तोच एक बिघा, हें जमिनीवर दोरी टाकून एकदां पाहिलें म्हणजे कोष्टक विसरलें तरी पुन्हा मांडतां येतें.

तिसरी परंपरा मीटरची. फ्रान्सांत १७९९ सालीं सिद्ध झालेली ही पद्धति पोर्तुगालनें १८५२ च्या आज्ञेनें स्वीकारली, आणि १८७५ सालीं पॅरिस येथें झालेल्या मीटर-करारावर सही करणाऱ्या सतरा राष्ट्रांत पोर्तुगाल होतें. भारतांत दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून चालू झालीं. यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. १९६१ सालीं गोवा मुक्त होण्यापूर्वींच येथील सरकारी दप्तर मीटर आणि हेक्टर यांची भाषा बोलत होतें. शेतकरी कुडव आणि खंडी यांत बोलत होता. आणि मुंबईकडे छापलेलीं मराठी अंकगणितें यार्ड, गुंठा आणि एकर शिकवीत होतीं. तेहतीस फूट बाजूचा चौरस म्हणजे गुंठा आणि तो सुमारें १०१ चौरस मीटरांचा, हें एक साधें समीकरण ज्याच्या हातीं नव्हतें, तो दोन कागदांमधील एकच शेत ओळखूं शकत नव्हता.

आतां सर्वत्र मीटर आला, तरी अडचण संपलेली नाहीं. शंभर सेंटिमीटरांचा मीटर म्हणून चौरस मीटरही शंभर चौरस सेंटिमीटरांचा, असें आजही कितीतरी मुलें लिहितात. वास्तविक तो दहा हजारांचा, आणि घनमीटर दहा लक्ष घन सेंटिमीटरांचा. चाळीस मीटर कुंपण दहा-दहाच्या चौरसाभोंवतीं घातलें तर शंभर चौरस मीटर जमीन मिळते. तेंच पंधरा व पांच अशा आयताभोंवतीं घातलें तर पंचाहत्तर. कुंपणाच्या लांबीवरून जमिनीचा अंदाज बांधणारा येथेंच फसतो.

घनफळासाठीं पुन्हा लीलावतीकडेच वळावें. धान्याच्या राशीच्या पायथ्याचा परिघ मोजावा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा आणि त्यास उंचीनें गुणावें, अशी तेथील रीत आहे. भातासारख्या कुसळांच्या धान्याची उंची परिघाच्या नवव्या भागाइतकी धरावयाची. समजा, परिघ अठरा हात आहे. उंची दोन हात; अठराचा सहावा भाग तीन, त्याचा वर्ग नऊ; नऊ दुणे अठरा. रास अठरा घनहस्तांची, म्हणजेच अठरा खारींची ! येथें परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. भास्कराचार्यांनीं याच ग्रंथांत ३९२७ : १२५० हें सूक्ष्म गुणोत्तरही दिलें आहे, त्यानें पाहिलें तर उत्तर सुमारें सव्वासतरा येतें. म्हणजे स्थूल रीतीनें अंदाज पाऊण खारीनें अधिक होतो, आणि त्यावरून वाटा ठरविला तर तोटा देणाऱ्याचा. हें ज्या कुळाला कळतें तें नाडलें जात नाहीं, आणि ज्या महाजनाला कळतें त्याच्या हातून अन्याय घडत नाहीं.

तळीचेंही तसेंच. वर वीस मीटर बाजूची, तळाशीं दहा मीटर बाजूची आणि तीन मीटर खोल अशी उतरत्या कडांची तळी घ्या. मुखाचें क्षेत्र ४००, तळाचें १००, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेचें, म्हणजे तीसांचें, ९००, एकूण १४००. त्याला सहांनीं भागून खोलीनें गुणावें : ७०० घनमीटर, म्हणजे सात लक्ष लिटर पाणी. दोन क्षेत्रांची नुसती सरासरी घेतली असती तर ७५० आले असते, बाजूंची सरासरी घेतली असती तर ६७५. ही रीतही लीलावतींतीलच, आणि आजच्या भूमितीच्या कसोटीस ती पूर्ण उतरते.

आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं, कारापूरसारख्या गांवांतील शिक्षकांनीं मुलांना एखाद्या दिवशीं देवळाच्या प्रांगणांत न्यावें. प्रथम प्रत्येकानें आपल्या हातानें प्रांगण मोजावें. उत्तरें भिन्न आलीं म्हणजे प्रमाणित मापाची आवश्यकता न सांगतां कळेल. मग मीटरची फीत घ्यावी. वर्तमानपत्रें चिकटवून एक चौरस मीटर करावा. मीटरभर लांबीच्या बारा कामट्या बांधून एक घनमीटर उभा करावा आणि त्यांत किती मुलें मावतात तें पाहावें. अखेरीस तळीची लांबी, रुंदी आणि खोली विचारून पाण्याचा हिशेब करावा. यास खर्च कांहींच नाहीं. जीं मुलें आज प्रांगण मोजतील, तींच उद्यां देवस्थानाचा जमाखर्च स्वतः वाचतील, आणि तो वाचून दाखविणाऱ्याची वाट पाहण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.