एका शब्दाचे शतक : ब्रिटन आणि तिबेट

बेळगावात थंडी पडू लागली की स्वेटरवाली तिबेटी मंडळी येतात. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीचे छप्पर उभे राहते आणि त्याखाली लोकरी कपड्यांचे ढीग लागतात. आमच्या पिढीने हे दृश्य वर्षानुवर्षे पाहिले. स्वेटर अंगाला लावून पाहिले, भावात घासाघीस केली, दहा-वीस रुपये कमी करून घेतले. ही माणसे इथवर कशी आली, हे मात्र आपण फारसे कधी विचारले नाही.

मी हायस्कुलात तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. त्यामुळे गावात कोणीही मला ‘सर’च म्हणते. आमच्या नेहमीच्या स्वेटरवाल्या बाई मुंडगोडच्या. जन्म तिथलाच, कन्नड अस्खलित, मराठी धंद्यापुरते पण गोड. हातात मात्र परदेशी नागरिकाचे नोंदणीपत्र. काही वर्षांपूर्वी मफलर घडी करून देता देता त्यांनी मला विचारले, “सर, तुम्ही हिस्टरीचे मास्तर ना? माझ्या मुलाला कॉलेजात पोरं म्हणतात, तिबेट पहिल्यापासून चायनातच होता. खरं काय? तिबेट देश होता की नव्हता?”

मी पाच-दहा मिनिटे बोललो. तह, सनावळी, दलाई लामा, माओ, सगळे सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते झालं सर. पण होता की नव्हता?”

त्या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तकांकडे नेले. वाचता वाचता ध्यानात आले की बाईंचा प्रश्न साधा होता, पण त्याचे साधे उत्तर मिळू नये अशी व्यवस्था जाणूनबुजून केली गेली होती. ती करणारे सरकार लंडनचे होते आणि साधन होते एक शब्द.

* * *

इंग्रजीत तो शब्द ‘सुझरेन्टी’ असा आहे. मराठीत आपण त्याला अधिसत्ता म्हणू. सार्वभौमत्व वेगळे आणि अधिसत्ता वेगळी. सार्वभौम म्हणजे घराचा पुरा मालक. अधिसत्ता म्हणजे घर दुसऱ्याचे, कारभार दुसऱ्याचा, पण मान आपला. मांडलिक संस्थाने ज्यांनी पाहिली, सांगली-जमखिंडीपासून इंदूर-बडोद्यापर्यंत, त्यांना हा प्रकार नवा नाही. फरक एवढाच की आपल्या संस्थानांवर इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला असे आणि त्यामागे फौज असे. १९१३ ते १९५० या काळात तिबेटवर चीनचा असा अंमल नव्हता. तिथे कर ल्हासाचे सरकार घेई, सैन्य त्याचे, नाणे त्याचे, टपालाची तिकिटेही त्याचीच. तरीही लंडनच्या कागदांत तिबेट चीनच्या अधिसत्तेखालीच राहिला.

असे का झाले, ते पाहू.

१८९० साली कलकत्त्यास इंग्रज आणि चीन यांनी सिक्कीम व तिबेट यांच्या सरहद्दीचा करार केला. तिबेटी लोकांना कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी तो पाळलाही नाही. चीनकडून तो पाळवून घेता येत नाही हे दिसल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने १९०३ च्या खलित्यात लंडनला कळवले की तिबेटवरची चीनची अधिसत्ता ही निव्वळ कागदी कल्पना आहे. हे लिहिणारा इंग्रजी साम्राज्याचा सर्वांत अभिमानी सेवक होता, हे लक्षात ठेवावे.

मग कर्नल यंगहजबंडची स्वारी झाली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू नावाच्या ठिकाणी तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेटी शिपायांवर मशीनगन चालल्या आणि सहाशेच्या आसपास माणसे काही मिनिटांत पडली. ७ सप्टेंबर १९०४ रोजी ल्हासाच्या पोताला राजवाड्यात तह झाला. पंच्याहत्तर लाख रुपये खंडणी ठरली. ती पुढे पंचवीस लाखांवर आली. हा तह तिबेटशी झाला, चीनशी नाही. ज्याच्याशी तह करता येतो आणि ज्याच्याकडून खंडणी मागता येते, तो कोणाच्या मुलखाचा निव्वळ एक जिल्हा कसा असेल?

पण इंग्रजांनीच हा प्रश्न उलटा फिरवला. १९०६ मध्ये पेकिंगला चीनशी करार करून त्यांनी ल्हासाच्या तहाला चीनची मान्यता घेतली. खंडणीची रक्कमही शेवटी चीनने भरली. दुसऱ्याचे कर्ज फेडणारा त्याच्या घरावर हक्क सांगू लागतो, तसेच ते होते. १९०७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रशियाशी करार झाला. त्यात दोन्ही साम्राज्यांनी तिबेटवरची चीनची अधिसत्ता मान्य केली आणि तिबेटशी राजकीय बोलणी चीनच्या मार्फतच करायची असे ठरवले. रशियाला ल्हासापासून दूर ठेवणे एवढाच त्यात इंग्रजांचा हेतू होता. कर्झनने ज्याला कागदी कल्पना म्हटले होते, ती चार वर्षांत त्याच्याच सरकारने आंतरराष्ट्रीय करारात घातली. तिबेटला या कराराच्या टेबलाशी बोलावलेच नव्हते.

परिणाम लवकरच दिसला. फेब्रुवारी १९१० मध्ये चिनी फौज ल्हासात शिरली. तेरावे दलाई लामा हिंदुस्थानात आले आणि दार्जिलिंगला राहिले. इंग्रजांनी त्यांचा पाहुणचार केला, मदत मात्र नाकारली.

* * *

१९११ च्या क्रांतीने चीनमधील मांचू राजवट कोसळली. तिबेटी लोकांनी ल्हासातील चिनी शिपायांना हाकलले आणि १९१३ च्या सुरुवातीस दलाई लामांनी आपला देश आपल्या कारभाराखाली असल्याचे जाहीर केले. त्यानंतर सिमल्याची परिषद भरली. हेन्री मॅकमोहन हिंदुस्थान सरकारतर्फे, इव्हान चेन चीनतर्फे आणि लोन्चेन शात्रा तिबेटतर्फे बसले. तिघांचा दर्जा सारखा. चीनच्या प्रतिनिधीने २७ एप्रिल १९१४ रोजी मसुद्यावर आद्याक्षरे केली, पण त्याच्या सरकारने ती लगेच झिडकारली. ३ जुलै रोजी इंग्रज आणि तिबेटी यांनी करार आपसांत बंधनकारक मानला.

या करारात दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या होत्या. तिबेट चीनच्या अधिसत्तेखाली आहे. आणि बाह्य तिबेट स्वायत्त आहे, चीनने त्याचा प्रांत करू नये. इंग्रजांना तिबेट मोकळा हवा होता, पण पुरता स्वतंत्र नको होता. मोकळा असला तर हिंदुस्थानच्या उत्तरेला एक निरुपद्रवी भिंत राहते. स्वतंत्र म्हटले तर चीन दुखावतो, व्यापार बिघडतो आणि उद्या रक्षणाला धावून जाण्याची जबाबदारी येते. अधिसत्ता हा शब्द या दोहोंच्या मध्ये चपखल बसला.

१९४३ मध्ये परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी चीनला पुन्हा हेच कळवले : तिबेटची स्वायत्तता चीन मानत असेल तरच ब्रिटन चीनची अधिसत्ता मानील. अट उत्तम होती. अट मोडली तर काय करणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

ते १९५० मध्ये कळले. ७ ऑक्टोबरला चिनी सेना पूर्वेची नदी ओलांडून तिबेटात उतरली आणि पंधरवड्याच्या आत चामदो पडले. तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. ती उचलून धरली कोणी, तर मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने. २४ नोव्हेंबरला ब्रिटनच्या प्रतिनिधीने सांगितले की तिबेटचे कायदेशीर स्थान पुरेसे स्पष्ट नाही, तेव्हा विषय पुढे ढकलावा. ज्या सरकारने चाळीस वर्षे ते स्थान जाणूनबुजून धूसर ठेवले, त्यानेच धुक्याची तक्रार करावी!

पण बोट दाखवताना आपलाही हात पाहिला पाहिजे. त्या दिवशी भारताचे प्रतिनिधी जामसाहेब नवानगर यांनीही विषय पुढे ढकलण्यालाच पाठिंबा दिला. प्रश्न शांततेने सुटेल अशी दिल्लीला आशा होती. १९५४ च्या करारात भारताने ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द स्वीकारले. पंचशीलाची तत्त्वे त्याच कराराच्या प्रस्तावनेत आहेत. मार्च १९५९ मध्ये चौदावे दलाई लामा भारतात आले. त्या वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने तिबेटी लोकांच्या मूलभूत हक्कांविषयी ठराव ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. २६ देश तटस्थ राहिले. त्यांत भारतही होता आणि ब्रिटनही. १९६५ मध्ये मात्र भारताने बाजूने मत दिले, आणि त्या वेळी तिबेटची बाजू मांडणारे भारताचे प्रतिनिधी होते महाराष्ट्राचे डॉ. रफिक झकेरिया.

पुढल्याच वर्षी, १९६६ मध्ये, उत्तर कन्नडात, म्हणजे आपल्या बोलीतल्या कारवार जिल्ह्यात, मुंडगोडची वसाहत सुरू झाली. म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा निजलिंगप्पा होते. आपल्याकडे त्यांचे नाव वेगळ्या संदर्भात निघते, पण या माणसांना जमीन मिळाली ती त्या राज्यात, हे नोंदवलेच पाहिजे. ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे जुने मठ आज तिथे पुन्हा उभे आहेत.

* * *

एवढे होऊनही लंडनच्या दप्तरातला तो जुना शब्द जिवंत होता. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटनची भूमिका अशी होती की तिबेट स्वायत्त आहे आणि तिथे चीनचे ‘विशेष स्थान’ आहे. इतर बड्या राष्ट्रांनी तिबेट चीनचाच भाग म्हणून केव्हाच मान्य केला होता. निर्वासित तिबेटींना या भूमिकेचा आधार वाटे. १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला दलाई लामांनी स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवून खऱ्या स्वायत्ततेचा प्रस्ताव मांडला. स्वायत्त तिबेट ही कल्पना १९१४ पासून कागदोपत्री मानणारे सरकार एकच होते.

२९ ऑक्टोबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी संसदेपुढे एक लेखी निवेदन ठेवले. अधिसत्ता ही कालबाह्य कल्पना आहे; इतर युरोपीय देशांप्रमाणे आम्हीही तिबेटला चिनी प्रजासत्ताकाचा भाग मानतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ल्हासात मोठा उठाव होऊन गेला होता. जगावर आर्थिक संकट कोसळले होते आणि चीनच्या पैशाकडे सर्वांचे डोळे लागले होते. आणखी दोनच दिवसांनी दलाई लामांचे दूत स्वायत्ततेचा मसुदा घेऊन बीजिंगमध्ये चर्चेला बसणार होते. ती फेरी निष्फळ गेली. जानेवारी २०१० नंतर एकही औपचारिक फेरी झालेली नाही.

मिलिबँड यांची बाजू सांगितली पाहिजे. ते म्हणत होते, जुन्या शब्दामुळे आमचा हेतू चीनला संशयास्पद वाटतो. तो काढला म्हणजे मानवी हक्कांविषयी आम्ही मोकळेपणे बोलू. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण पुढचा अनुभव काय? मे २०१२ मध्ये पंतप्रधान कॅमेरन लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये दलाई लामांना नुसते भेटले, तर चीनने ब्रिटनशी वरिष्ठ पातळीवरच्या भेटीगाठी वर्षभराहून अधिक काळ गोठवल्या. मग कॅमेरन यांना संसदेत सांगावे लागले की आम्ही तिबेटच्या स्वातंत्र्याचे समर्थन करीत नाही. शब्द दिला, बदल्यात काही घेतले नाही, आणि मोकळेपणाही हाती आला नाही.

मला वाटते, या शतकाचा धडा इथे आहे. दर्जाचा प्रश्न एकदा मिटला असे म्हटले की उरतात ते मानवी हक्क, आणि हक्कांचे कोणतेही गाऱ्हाणे मग ‘अंतर्गत बाब’ ठरते. ताशी वांगचुक नावाच्या तिबेटी दुकानदाराने मुलांना शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवावी एवढेच परदेशी वृत्तपत्राच्या चित्रफितीत सांगितले. २०१६ मध्ये तो पकडला गेला, २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी सांगितले की सुमारे दहा लाख तिबेटी मुले घरापासून तुटलेल्या निवासी शाळांत आहेत आणि तिथे शिक्षण चिनी भाषेत चालते. घरात एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्याला निदान गाऱ्हाणे मांडता येते, कोर्टात जाता येते, मोर्चा काढता येतो.

दुसरी गोष्ट आपल्या घराची. अरुणाचलच्या उत्तरेची मॅकमोहन रेषा १९१४ मध्ये तिबेटच्या प्रतिनिधीच्या सहीने ठरली. तिबेटला सही करण्याचा अधिकारच नव्हता, असे चीन म्हणतो. भारताने २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे मान्य केले आणि सीमा मात्र त्याच सहीवर उभी आहे. तिबेट कोण होता, हा प्रश्न आपल्यापासून तितका दूर नाही.

जुना तिबेट स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. सरदार आणि मठ यांच्या जमिनीवर राबणारी वेठीची माणसे तिथे होती. चीनचा दावा तेराव्या शतकातील युआन राजवटीपर्यंत मागे जातो, हेही मला ठाऊक आहे. पण वाईट कारभार म्हणजे देश नसणे नव्हे, आणि राजघराण्यांमधले जुने मानपान म्हणजे मालकी नव्हे. तसे असते तर पेशवाईत दिल्लीच्या बादशहाची सनद घेणारे आपण आपलेही राज्य नव्हतेच, असे म्हणावे लागेल.

गेल्या हिवाळ्यात बाईंना मी उत्तर दिले. म्हटले, “होता, बाई. १९१३ पासून १९५० पर्यंत तर नक्की होता. पण ज्यांना माहीत होते त्यांनी तसे लिहून दिले नाही.”

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, हे एका कागदावर लिहून द्याल? मुलाला दाखवते.”

तो कागद लिहिता लिहिता हा लेख झाला.