फडताळातला अंधार

आजचा विषय अगदी हाताएवढा आहे. कपाट उघडलं की आपोआप लागणारा छोटा दिवा. बाकी ठिकाणी ही हौस असेल, पण मी रत्नागिरीचा. मला यात कोकणाचा इतिहास दिसतो.

आपल्या जुन्या घरांत भिंतीत फडताळ, वर माळा, आत धान्याची बळद. सगळं काळोखात. उजेडाला चिमणी नाहीतर कंदील. पण कपड्यांच्या फडताळात ज्योत नेणार कशी? मग हात आधी जायचा, नजर नंतर. आणि त्याच अंधारात असायचा लाल विंचू.

या विंचवाचं विष थेट हृदयावर घाला घालतं. फुप्फुसात पाणी भरतं. उपचार सापडण्याआधी कोकणात दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसच्या आसपास दगावायचे. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध यावर वापरलं. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते मांडलं, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मधल्या काळात वीज आली. 1960 च्या दशकात कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरलं. तिथल्या भूमिगत वीजघरात वीज बनू लागली. पण घरात बल्ब लागला तो खोलीच्या मधोमध. फडताळासमोर उभं राहिलं की आपलीच सावली आत पडायची. वीज घरात आली, तरी फडताळातला अंधार तसाच राहिला.

त्यावरचा तोडगा दूर अमेरिकेत कधीच निघाला होता. 1936 मध्ये बेल लॅब्जच्या वॉल्टर एलवूड यांनी काचेच्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या बंद केल्या. चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. दाराला चुंबक, चौकटीला हा स्विच. झालं, दार उघडल्याची खबर दिव्याला लागते! हा शोध मुळात टेलिफोनच्या कामासाठी होता. पुढे एलईडी आला. त्याला वीज इतकी कमी लागते की छोटी बॅटरीही महिनोन् महिने पुरते. आता भिंतीत वायर ओढायचीही गरज नाही.

काही दिव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. तो आपल्या अंगाची ऊब टिपतो. विंचवाचं अंग मात्र भोवतालच्या हवेइतकंच गार, त्यामुळे सेन्सरला तो दिसत नाही. म्हणजे दिवा विंचू शोधत नाही, फक्त आपल्याला बघायची संधी देतो. बघायचं काम आपलंच.

तेव्हा पावसाळ्यात आजीच्या फडताळात असा एक दिवा जरूर लावा. आणि दिवा लागला, तरी घडी झटकल्याशिवाय कपडा अंगात घालू नका. भेटूया पुढच्या भागात!