एका मोठ्या अक्षराचा इतिहास

आपल्या देवनागरी लिपींत मोठें अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नाहीं. 'पुणें' लिहावें काय किंवा 'पाटी' लिहावें काय, 'प' तो एकच. इंग्रजीची गोष्ट निराळी. त्या भाषेंत माणसाचें, गांवाचें, राष्ट्राचें, धर्माचें नांव मोठ्या अक्षरानें सुरू झालें पाहिजे. टेबल, दगड, घोडा यांना लहान अक्षर पुरतें. शाळेंत आपण हा नियम पाठ करतों आणि पुढें त्याचा विचारही करीत नाहीं. परंतु अमेरिकेंत याच नियमापायीं शंभरांहून अधिक वर्षें वाद चालला. गोऱ्यांनीं आपल्या वर्णाचा अभिमान मिरवला तर तो द्वेष ठरतो, मग काळ्यांचा अभिमान तेवढा स्तुत्य कसा, असा जो प्रश्न तेथें वारंवार विचारला जातो, तो या एका अक्षराच्या आश्रयानें नीट उलगडून पाहतां येईल असें मला वाटतें.

आरंभ नांवांपासूनच केला पाहिजे. १८५० आणि १८६० या दोन खानेसुमारींत तेथें गुलामांसाठीं निराळीं पत्रकें होतीं. त्यांत मालकाचें नांव असे, आणि त्याखालीं त्याच्या गुलामांचें वय, लिंग आणि वर्ण. गुलामाचें स्वतःचें नांव, थोडे अपवाद सोडले तर, लिहिलेंच जात नसे. मुक्ततेनंतर १८७० सालीं या लोकांचीं नांवें खानेसुमारींत प्रथमच सरसकट नोंदलीं गेलीं. आपली वंशावळ शोधूं पाहणारा कृष्णवर्णीय अमेरिकन त्या सालापर्यंत कसाबसा मागें जातो. त्यापलीकडची वाट बहुधा बंद होते. आयरिश माणसाला आपल्या आजोबांचा परगणा ठाऊक असतो, इटालियनाला आपलें खेडें सांगतां येतें. यांचें कुल, भाषा, गांव हें सारें समुद्रापलीकडे राहिलें. उरला तो वर्ण, आणि त्या वर्णाचेंच एका समाजाचें नांव झालें.

तें नांव, 'निग्रो', बहुतेक गोरीं वर्तमानपत्रें लहान अक्षरानें छापीत. विल्यम डु बॉईस हे हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. आपल्याला त्यांची ओळख दुसऱ्या एका कारणानेंही असावयास हवी: संयुक्त राष्ट्रसंघापुढें कृष्णवर्णीयांनीं केलेल्या अर्जाच्या प्रती डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं पत्र लिहून ज्यांच्याकडे मागितल्या, ते हेच. १८९९ सालीं फिलाडेल्फियांतील आपल्या लोकांच्या स्थितीवर त्यांनीं ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या एका तळटीपेंत, आपण हा शब्द मोठ्या अक्षरानेंच लिहिणार, ऐंशी लक्ष माणसांचा तेवढा हक्क आहे, असें बजावलें. पुढें १९२० नंतर त्यांनीं व इतरांनीं संपादकांना पत्रांवर पत्रें लिहिलीं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें प्रथम साफ नकार दिला. मार्च १९३० मध्यें मात्र तें पत्र वळलें, आणि हा नुसता छपाईंतला फरक नसून एका समाजाच्या स्वाभिमानाला दिलेली मान्यता आहे, अशा अर्थाचें त्यानें लिहिलें. याच सुमारास, १९२६ च्या फेब्रुवारींत, कार्टर वुडसन या इतिहासकारानें निग्रो इतिहासाचा सप्ताह सुरू केला होता. पाठ्यपुस्तकांत आपल्या पूर्वजांचा उल्लेख फक्त गुलाम म्हणून येतो, ही त्याची तक्रार होती.

एका अक्षरासाठीं एवढा आटापिटा कशाला, असें कोणी म्हणेल. आपल्याकडे मान अक्षरांत नसतो, तो सर्वनामांत आणि क्रियापदांत असतो. 'अहो' आणि 'अरे' यांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत गोऱ्याला 'मिस्टर', गोरीला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणत. सत्तर वर्षांच्या काळ्या माणसालाही नुसत्या पाळण्यांतल्या नांवानें हांक मारीत. १९६३ सालीं आलाबामा संस्थानांतील गॅड्सडेन येथील न्यायालयांत मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्कांच्या चळवळींतील कार्यकर्ती साक्षीदार म्हणून उभी होती. सरकारी वकिलानें तिला 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. 'मिस हॅमिल्टन' असें म्हटल्यावांचून आपण उत्तर देणार नाहीं, असें तिनें सांगितलें. न्यायाधीशानें न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल पन्नास डॉलर दंड आणि पांच दिवस कैद फर्माविली. आलाबामाच्या वरिष्ठ न्यायालयानें ती शिक्षा कायम केली. १९६४ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. हा दाखला विस्तारानें सांगितला, कारण दोन मापांची तक्रार तेथें प्रथम कोणी केली हें त्यावरून कळतें.

१९५४ सालीं शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरली, १९६४ च्या कायद्यानें हॉटेलें, नाट्यगृहें व नोकऱ्या यांतील भेद बेकायदा झाला, आणि १९६५ च्या कायद्यानें मतदानाचा हक्क खरा झाला. 'फक्त गोऱ्यांसाठीं' या पाट्या ज्या दिवशीं उतरल्या, त्याच दिवशीं काळ्यांचा निराळा अभिमानही संपावा, अशी पुष्कळ गोऱ्यांची प्रामाणिक अपेक्षा होती. झालें तें उलट. मज्जाव कायद्यानें काढतां येतो. पिढ्यान् पिढ्या शिकविलेली स्वतःविषयींची लाज कायद्यानें निघत नाहीं. जून १९६६ मध्यें मिसिसिपींतील पदयात्रेंत स्टोकली कार्मायकल या तरुणानें 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दिली, आणि जो 'काळा' शब्द तोंवर त्या समाजांतही शिवीसारखा वापरला जाई, तोच त्यानें नांव म्हणून छातीवर मिरवला. आपल्याला हें नवें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केलें होतें. पुढें १९७२ मध्यें मुंबईंत जी 'दलित पँथर' संघटना निघाली, तिनें 'पँथर' हा शब्द अमेरिकेंतील ब्लॅक पँथर पक्षाकडून घेतला, आणि दुसऱ्यांनीं दिलेल्या 'हरिजन' या गोड नांवापेक्षां 'दलित' हें कठोर नांव आपणहून पत्करलें.

यांत एक गंमत झाली. 'ब्लॅक' पडला रंगाचा शब्द, म्हणून मुद्रकांनीं तो लहान अक्षरानें छापावयास आरंभ केला. डु बॉईस यांनीं झगडून मिळविलेलें मोठें अक्षर त्यांच्या नातवंडांनीं नव्या नांवाबरोबर गमावलें! 'एबनी', 'एसेन्स' यांसारख्या त्या समाजाच्या मासिकांनीं तें पुन्हां घेतलें. मोठीं वर्तमानपत्रें मात्र पन्नास वर्षें हललीं नाहींत. मे २०२० मध्यें मिनीअॅपोलिस येथें जॉर्ज फ्लॉईड याचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं मृत्यु झाला, देशभर क्षोभ उसळला, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था व 'न्यूयॉर्क टाइम्स' यांनीं 'ब्लॅक' मोठ्या अक्षरानें छापण्याचें ठरविलें. 'व्हाइट' मात्र लहानच ठेवला.

येथें गोऱ्यांची तक्रार सुरू होते, आणि ती थट्टेवारी नेणें मला बरें वाटत नाहीं. १९७६ पासून वुडसनच्या सप्ताहाचा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पाठिंब्यानें महिना झाला, तेव्हांपासून 'मग गोऱ्यांच्या इतिहासाचा महिना कोठें आहे?' असें विचारलें जातें. 'उरलेले अकरा' हें उत्तर चटकदार खरें, पण विचारणारा कदाचित् खाणींत राबणाऱ्याचा मुलगा असेल, पाट्या उतरल्यानंतर जन्मलेला असेल; त्याच्या मनांतला कांटा असल्या उत्तरानें निघत नाहीं. त्याला खरें उत्तर असें देतां येईल कीं, तुझा अभिमान कोणी नाकारलेला नाहीं. न्यूयॉर्कमध्यें सेंट पॅट्रिकच्या दिवशीं आयरिशांची मिरवणूक अठराव्या शतकापासून निघते. तिला कोणी वर्णद्वेष म्हणत नाहीं, आणि 'आयरिश' हा शब्द मोठ्या अक्षरानेंच छापतात. ज्याला कुल आठवतें त्यानें कुलाचा अभिमान धरला. ज्याचें कुल हिरावून घेतलें त्याला वर्णाखेरीज धरावयास कांहीं उरलें नव्हतें. उलट 'गोरा' या नांवानें ज्या संघटना निघाल्या, त्यांत कू क्लक्स क्लॅनसारख्यांचीच गणना अधिक.

एवढें म्हणूनही वृत्तसंस्थेनें जुलै २०२० मध्यें जीं कारणें दिलीं, त्यांतील एक मला पटत नाहीं. गोऱ्यांना एकत्र असा इतिहास व संस्कृति नाहीं, असें तिचें म्हणणें. संस्कृतीचें राहूं द्या. इतिहास मात्र आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. १७९० च्या कायद्यानें परक्यांपैकीं फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच नागरिकत्व मिळे. नोव्हेंबर १९२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला सांगितलें कीं, गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तूं कॉकेशियन नाहींस. पुढें तीनच महिन्यांनीं भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख, जो अमेरिकेच्या सैन्यांत राहिलेला होता, मानववंशशास्त्राचे आधार घेऊन त्याच न्यायालयापुढें आला. त्याचे वकील सखाराम गणेश पंडित, नांवावरून आपल्यापैकींच वाटणारे. यावेळीं न्यायालयानें कॉकेशियन हें माप टाकून दिलें, आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल दिला. अनेक हिंदी लोकांचें नागरिकत्व त्यामुळें गेलें. पंडितांचेंही काढण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो खटला ते जिंकले. ज्या शब्दावर माणसाचें नागरिकत्व मिळे वा जाई, त्याला इतिहास नाहीं असें कसें म्हणावें?

म्हणूनच नेल पेंटर या कृष्णवर्णीय इतिहासकार बाईंनीं त्याच जुलैंत लिहिलें कीं, 'व्हाइट' लाही मोठें अक्षर द्या. नाहीं तर काळा तेवढा वर्ण आणि गोरा म्हणजे नुसता माणूस, हा जुना समज तसाच राहील. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अॅपिया यांचाही कल तिकडेच होता. तक्रार करणाऱ्या गोऱ्यांची आणि या दोघांची मागणी एकच, हेतु मात्र अगदीं भिन्न. आणि मला पेंटरबाईंचें म्हणणें अधिक सयुक्तिक वाटतें. नागरिकत्वाच्या कायद्यांतील वर्णाची अट १९५२ सालीं पूर्णपणें गेली. 'वॉशिंग्टन पोस्ट'नें जुलै २०२० च्या अखेरीस दोन्ही शब्द मोठ्या अक्षरानें छापण्याचें ठरविलें.