कुत्रा पाळलाय? विमा काढण्याआधी एवढं बघा

धर्माबाद : गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या विम्यात राष्ट्रीय पशुधन अभियानातून पशुपालकाला हप्त्याचा फक्त १५ टक्के वाटा भरावा लागतो. कुत्रा त्यात बसत नाही. त्याचा पूर्ण हप्ता खिशातूनच जातो. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या :

१. गावठी कुत्रा चालतो का? वयाची अट काय?
२. भरपाई फक्त मेल्यावर, की दवाखान्याचा खर्चही मिळतो?
३. कुत्रा कुणाला चावला तर कंपनी भरपाई देते का?
४. विमा किती दिवसांनी लागू होतो?

आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत. रेबीज, पार्वोची लस आधी टोचा. लसीचं कार्ड, दवाखान्याच्या पावत्या जपा, नाहीतर दावा अडतो. कंपनीनं दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर तक्रार करता येते.