शून्य कोठे धरावे?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे. त्याच्या दोन भुजा 10 आणि 17, भूमी 9. शिरोबिंदूपासून भूमीवर लंब टाकला तर भूमीचे जे दोन खंड पडतात त्यांना आपले जुने गणिती ‘आबाधा’ म्हणत. या आबाधा काढा, असा प्रश्न. नेहमीच्या रीतीने गणित केले की एक आबाधा 15 येते आणि दुसरी येते ऋण 6! भूमी अवघी 9. तिचा एक तुकडा पंधराचा कसा आणि दुसरा शून्याहून कमी कसा? घाईचा विद्यार्थी येथे पाटी पुसून टाकील. आचार्यांनी तसे केले नाही. ऋण याचा अर्थ उलट दिशा, असा त्यांनी खुलासा केला. लंब भूमीवर न पडता तिच्या टोकाबाहेर, मागल्या अंगाला 6 अंतरावर पडला आहे. लंबाची लांबी 8 आहे, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहता येते.

हा ग्रंथ इ. स. 1150 चा. ऋण संख्यांचे नियम त्यापूर्वी पाच शतके, 628 साली, ब्रह्मगुप्ताने घालून दिले होते. पण तेथे धन म्हणजे गाठीचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. सावकाराच्या वहीतले हे ऋण येथे सरळ रेषेवर येऊन उभे राहिले. गंमत अशी की, याच भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाच्या उदाहरणात एक उत्तर टाकून दिले, कारण त्यात गुहेत गेलेल्यांचा हिशेब ऋण दोनाच्या वर्गावर जातो, आणि असले ऋण लोकांना पटत नाही. वानर उणे होऊ शकत नाहीत. दिशा मात्र उलटू शकते. हा विवेक मोठा मार्मिक आहे.

भूमीच्या डाव्या टोकाला शून्य मानले तर उजवे टोक 9 वर आणि लंबाचा पाया ऋण 6 वर. नवातून ऋण सहा वजा केले की 15. आता शून्य उचलून लंबाच्या पायाशी ठेवा. दोन्ही टोकांचे आकडे बदलून 6 आणि 15 होतात, पण त्यांच्यातील अंतर 9 च राहते. युरोपात जॉन वॉलिस याने 1685 साली हीच गोष्ट पावलांनी सांगितली : मनुष्य पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर तो निघाल्या जागेपासून ऋण तीन यार्डांवर आहे.

कागदावर शून्य हलविणे सोपे. देशाच्या नकाशावर ते महागात पडते. ईस्ट इंडिया कंपनीने 1792 साली मद्रासला वेधशाळा उभारली. 1802 साली लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली आणि हिंदुस्थानातील रेखांशांचा हिशेब या वेधशाळेशी बांधला गेला. ग्रिनिचपासून तिचे अंतर गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांसारख्या वेधांवरून ठरविलेले. त्यात चूक राहणे अपरिहार्य होते. मोजणी खात्याने 80 अंश 17 मिनिटे 21 सेकंद हा आकडा धरला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राने वेळ ताडून पाहिल्यावर खरा आकडा 80 अंश 14 मिनिटे 47 सेकंद ठरला. म्हणजे मद्रासच्या अक्षांशावर सुमारे साडेचार किलोमीटरांचा फरक!

त्रिकोण चुकले होते काय? मुळीच नाही. साखळ्या आणि काठ्या घेऊन रानोमाळ हिंडलेल्या माणसांनी मोजलेली गावागावांतील अंतरे जशीच्या तशी खरी होती. सगळा देश जणू एकत्रच पूर्वेला सरकवून लिहिला गेला होता. पुन्हा मोजणी करण्याचे कारण नव्हते. प्रत्येक रेखांशातून सुमारे अडीच मिनिटे वजा करणे पुरेसे होते. अडचण येई ती जुना आणि नवा असे दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर. एकावरचे रेखांश जुन्या मद्रासवरून आणि दुसऱ्यावरचे नव्या मद्रासवरून घेतले, तर सीमेवरचे एकच गाव दोन जागी दिसे. म्हणून नकाशाच्या समासात मद्रासचा कोणता रेखांश धरला आहे, याची टीप छापावी लागे. ती ओळ बारीक टाइपात असे, आणि ती न वाचताच नकाशा घडी करून ठेवणारे कारकून काही कमी नसतील.

वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, नुंगम्बाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात अद्याप उभा आहे.